भरल्या ताटावरून

त्याने माझी प्लेट परत फिरवली. दोन बोटांनी, कडेला धरून, जराही आवाज न करता. मी ती नुकतीच फिरवली होती. माझी पोर नोएमी खुर्ची मागे सारून उठली होती, काचेच्या दारापर्यंत पोचलीही नव्हती, आणि मी हात पुढे करून प्लेट जागच्या जागी अर्धी वळवली होती. जेवण चालू असताना कुणी लांबच्या प्रवासाला उठलं तर तो सुखरूप राहावा म्हणून मागे बसलेल्यांनी एवढं करायचं असतं, जाणारा दिसेनासा होईतो प्लेट तशीच ठेवायची असते. आमच्या पासिगच्या कुठल्याही गल्लीत शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. आणि हा चांगला पंचेचाळिशीचा बाप्या, कानांपाशी पिकलेला, छातीवर एर्नानी अशी पितळी पट्टी लावलेला वेटर, हा माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "मॅडम, पान वरच्या अंगाला यायला हवं." भातावर एक हिरवं पान ठेवलं होतं, तुळशीच्या जातीचं. ते माझ्या पोटाकडे आलं होतं म्हणे. मी प्लेट पुन्हा फिरवली. त्याने पुन्हा सरळ केली. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. दारापाशी गार्डने सलाम ठोकला, नोएमीची लाल बॅग उंबऱ्यावर अडखळली, आणि ती उन्हात गेली. मागे तिची आई एका अनोळखी माणसाशी प्लेटीवरून झटापट करत होती. त्या क्षणी मला हातातला काटा त्याच्या मनगटात खुपसावासा वाटला. हे मी लाजून वगैरे सांगत नाही.

सत्तावीस वर्षं मी खाणावळ चालवते. आठ पातेली, पुढे काच, गिऱ्हाईक बोट दाखवतं, मी वाढते. एवढ्या वर्षांत माणसांच्या तोंडांकडे मी फारसं बघितलेलं नाही, त्यांच्या ताटल्यांकडे बघितलंय. कोण काटे चोखून एका रांगेत लावतो, कोण रस्सा मागून भात कमी घेतो, कोण शेवटचा तुकडा भीड म्हणून ठेवतो आणि मग सगळे उठल्यावर तोंडात टाकतो. ताटली खोटं बोलत नाही. म्हणून बारा वाजता आम्ही तिघी त्या मकातीच्या, म्हणजे शहरातल्या श्रीमंत भागातल्या, हॉटेलात शिरलो तेव्हाच मी सवयीने आजूबाजूच्या टेबलांवर नजर टाकली आणि मला कळलं, इथे कुणी जेवत नाहीये. सगळ्यांच्या प्लेटींत अर्धं अर्धं तसंच. बायका काट्याने अन्न इकडून तिकडे सारत होत्या. तेव्हाच मी नोएमीचा दंड धरून बाहेर पडायला हवं होतं. कोपऱ्यावर कोळशावर भाजलेली कोंबडी मिळते, वाफाळता भात मिळतो, वीस मिनिटांत पोट भरतं. पण आमच्याबरोबर अंपारो होती.

अंपारो माझी नणंद. एकोणीस वर्षं मिलानला आहे. दर चार वर्षांनी येते, अत्तराचा वास घेऊन येते, आणि आल्यावर आठवडाभर आम्हाला सांगत राहते की आम्ही काय चुकीचं खातो. नोएमीला तिथे काम तिनेच बघून दिलं, एका आजारी म्हातारीची देखभाल, राहायला खोली. त्याबद्दल मी तिच्यापुढे मान तुकवली आहे, रोज तुकवेन. पण मी म्हटलं होतं, पोर दोन वर्षांसाठी चाललीय, शेवटचं जेवण घरी होऊ दे. अकरा वाजता चिंचेचं सार, डुकराचं मांस, तिला आवडतं तसं जरा जास्त आंबट. एजन्सीची व्हॅन मकातीतून दीड वाजता सगळ्या मुलींना विमानतळासाठी उचलणार, नातेवाइकांना त्यात जागा नाही, तर निरोप काय तो जेवणाच्या टेबलावरच. अंपारो मला आते म्हणते, म्हणजे ताई. त्यावर ती म्हणाली, "आते इस्का, तिला तिथे जे खायचंय त्याची चव इथून घेऊन जाऊ दे. नाहीतर तिथे जाऊनही आपल्यासारखी स्पॅगेटीत साखर आणि लाल सॉसेज शोधत बसेल. माझं हसं होईल." नोएमी हसली. मला वाटलं, पोरीला हौस आहे. गप्प बसले. माझ्या आयुष्यातली निम्मी नुकसानं माझ्या गप्प बसण्यातून झालेली आहेत.

पाव आला. कडक, आणि त्याबरोबर बशीत तेल. तेलात पाव बुडवून खायचा हे सांगायला एक बाई स्वतंत्र आली. मग पाऊण तास काहीच आलं नाही. पाऊण तास. माझ्या खाणावळीत माणूस एवढा वेळ उभा राहिला तर मी त्याला घरातली खुर्ची आणून दिली असती आणि त्याच्या आईची विचारपूस केली असती. इथे दर दहा मिनिटांनी एर्नानी येऊन पाण्याचे पेले भरून जायचा, जसे काही आम्ही पाणी प्यायलाच आलो होतो. मी घड्याळ बघत होते. नोएमी माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, ओठांना लावलेला रंग तेवढा वेगळा दिसत होता. मला वाटलं भूक. सकाळी साडेसहाला अर्धा कप कॉफी घेतली होती पोरीने, तेवढीच. एकला दहा कमी असताना अंपारोचा मासा आला. एकटा. तिने काटासुरी उचलली.

"थांब की," मी म्हटलं. "आमचं यायचंय."

"इथे तसं नसतं, आते. ज्याचं आलं त्याने सुरू करायचं. नाहीतर थंड होतं."

"मग सगळ्यांचं एकदम आणायला काय होतं यांना? तीन माणसं आहेत. मी एका वेळी चौदा जणांना वाढते."

"तुझं पातेल्यात तयार असतं. हे ताजं करतात."

"पाऊण तास? मासा धरायला गेले होते?"

नोएमीला हसू आलं आणि ती लगेच उठली. आईला ती नानाय म्हणते. "बाथरूमला जाऊन येते, नानाय." तेव्हा एकला पाच कमी होते. ती परत आली तेव्हा केस ओले करून मागे बसवले होते, आणि मुद्दाम आणलेला असतो तसा एक टवटवीतपणा तिच्या आवाजात होता. त्याचा मी तेव्हा काही अर्थ लावला नाही. माझं सगळं लक्ष स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराकडे होतं.

सव्वा वाजता माझा भात आला. "तुला भाताशिवाय चालत नाही," म्हणून अंपारोने माझ्यासाठी भात मागवला होता. नोएमीचं अजून नाही. मी एर्नानीला विचारलं, पोरीचं कुठाय. "येतंय, मॅडम." हे उत्तर त्याने मला दिलं, पण बघितलं नोएमीकडे. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच, पुन्हा नजर तिच्याकडेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तर त्याने मान खाली घातली. मी मनात नोंद केली: निर्लज्ज. आईला उत्तर देतो आणि तरण्या पोरीकडे बघतो. "नानाय, तू खा ना," नोएमी म्हणाली. "माझ्यासाठी थांबू नको. एक घास तरी घे, मी बघते." म्हणून घेतला. भात कच्चा होता. बोटाने दाबला असता तर आतला कण टचकन लागला असता. मी अंपारोकडे बघितलं.

"असाच असतो तो," ती म्हणाली. "दाताखाली लागला पाहिजे. त्याला तिकडे नाव आहे."

भात कच्चा राहणं ही चूक. ती कुणाच्याही हातून होते, माझ्याही झालीय, मी गिऱ्हाइकाची माफी मागून पुन्हा चुलीवर चढवलाय. पण कच्च्या भाताला नाव देऊन तो टेबलावर आणून ठेवणं हा माज आहे. आणि अंपारोचा मासा? तिने अर्धा मासा पाल्याखाली लपवला होता. एकोणीस वर्षांची मिलानवाली, पण ताटली खोटं बोलत नाही. तिलाही तो गिळवत नव्हता. मी तिला म्हणणार होते की तुलाही आवडलेलं नाहीये, तर कबूल कर, आपण उठू. तेवढ्यात नोएमीचा फोन वाजला. व्हॅन आली होती, रस्त्यात उभी राहू देत नव्हते, ड्रायव्हर ओरडत होता. पोर उठली. आशीर्वादासाठी माझ्या हाताला कपाळ लावलं, आत्याच्या हाताला लावलं, बॅग उचलली. उपाशी. खाणावळवालीची मुलगी, माझ्या डोळ्यांदेखत, हॉटेलातल्या टेबलावरून उपाशी उठली.

आणि मी प्लेट फिरवली, आणि त्याने ती सरळ केली.

यावर कुणी म्हणेल, एवढं काय प्लेटीत. माझा नवरा सेल्सो असाच उठला होता. जहाजावरच्या नोकरीला, तोही एजन्सीच्या गाडीला, तोही अर्ध्या जेवणातून, तेव्हा नोएमी सात वर्षांची होती. काउंटरला अकरा माणसं उभी होती, माझी ताटली जाळीखाली झाकलेली होती, मी म्हटलं फिरवीन मग. अंपारोही तिथेच जेवत होती. तिने आपल्या ताटलीला हातही लावला नाही, कारण ती तेव्हा शिकलेली होती. जहाज नऊ महिन्यांनी परत आलं. सेल्सो आला नाही. बुडाला वगैरे नाही, कुठल्याशा बंदरात एका केस कापणारीकडे उतरला आणि तिथेच राहिला. मी स्वतः काही वेडी नाही. ताट फिरवल्याने जहाज फार तर तरेल. नवराच फिरला तर त्याला ताट काय करणार? पण गल्लीतल्या बायका काउंटरला येऊन म्हणायच्या, इस्का, तू त्या दिवशी फिरवायला हवं होतंस, आणि बोट दाखवून मासा घ्यायच्या. नोएमी माझ्या पायाशी बसून भाजी निवडत हे ऐकायची. पुढची दोन वर्षं ती खाणावळीत धावत असायची. एखादं गिऱ्हाईक उठलं की त्याच्या बाकावरच्या बाकीच्यांच्या ताटल्या भराभर फिरवायची. रिक्षावाले हसायचे, "अगं, तो फक्त तंबाखू घ्यायला गेलाय." मीही हसायचे. हसायला नको होतं.

"आता बस कर, आते," अंपारो म्हणत होती. "लोक बघतायत."

मी एर्नानीला म्हटलं, "तुमच्या गावाला कुणी उठून गेलं तर ताट फिरवत नाहीत?"

त्याने आधी मागे बघितलं. काळ्या पोशाखातली व्यवस्थापक बाई दुसऱ्या टेबलापाशी वाकून बोलत होती. "फिरवतात, नानाय," तो हळूच म्हणाला. मॅडमची एकदम नानाय झाले. "मी सामार बेटावरचा. आमच्याकडे तर हांडीसुद्धा फिरवतात. पण इथे पान वाकडं दिसलं की आतून ओरडा होतो. अकरा वर्षं झाली, हात आपोआप जातो. माफ करा." आणि तो गेला, आणि परत आला तो हातात नोएमीची प्लेट घेऊन. रुंद पट्ट्यांचा पास्ता, वर तपकिरी मांस. रिकाम्या खुर्चीसमोर त्याने ती नीट मांडली.

आम्ही तिघंही त्या प्लेटीकडे बघत राहिलो.

"ही फिरवायची का?" अंपारो म्हणाली. मिलानची अंपारो.

"जाणाऱ्याची कसली फिरवतेस? ती वाटेतून माघारी येईल."

"पण ती गेल्यावर आलीय ना ही. मग ही मागे राहिलेल्यांची."

"भरलेली आहे, अंपारो. कुणी शिवलेलं नाही. ही कुणाचीच नाही."

"आमच्याकडे भरलेली फिरवत नाहीत," एर्नानी म्हणाला. "सांडतं."

"बांधून द्या," मी म्हटलं.

"बांधून द्यायची पद्धत नाही, नानाय. आतले म्हणतात, डब्यात घातला की पास्ता मरतो."

"आणि पोरगी सोळा तास उपाशी जाते, ते आतल्यांना चालतं?"

मी उठले. प्लेट उचलली, डाव्या तळहातावर घेतली, उजव्या हातात काटा. सत्तावीस वर्षांत हाताला एवढं तरी येतं. काळ्या पोशाखातली बाई लगबगीने आडवी आली. "मॅडम, प्लेट बाहेर नेता येणार नाही." तिचा आवाज इतका गोड होता की माझ्या दातांत कळ आली. मी काही बोलायच्या आत मागून अंपारो म्हणाली, "जाऊ द्या तिला. मी बसलेय इथे. ती नाही आली तर मला आत नेऊन भांडी घासायला लावा. मिलानला मी तेच करते." सगळं हॉटेल ऐकेल एवढ्या आवाजात. असल्या हॉटेलात ती तिकडे एकदाही खुर्चीवर बसलेली नव्हती, हे मला तेव्हा कळलं, आणि तिच्यावरचा राग तेवढ्यापुरता खाली ठेवावा लागला. हातात प्लेट होती.

बाहेर ऊन डोळ्यांत घुसलं. व्हॅन दीडशे पावलांवर होती. गाड्या जागच्या हलत नव्हत्या, सगळे हॉर्न वाजवत होते. मी फूटपाथ सोडला आणि गाड्यांच्या मधून चालायला लागले. एका बसच्या खिडकीतून कुणीतरी विचारलं, "केवढ्याला, ताई?" मी मागे बघितलं नाही. व्हॅनमध्ये पाच मुली होत्या, नोएमी खिडकीशी. मला बघून तिने काच खाली केली. चेहऱ्यावर आनंद असा काही नव्हता.

"नानाय, हे काय केलंस?"

"तुझं आलं. तू गेल्यावर आणलं त्या हलकटांनी. दीड तास बसवून ठेवलं आणि तू गेल्यावर—"

"मीच सांगितलं होतं त्यांना."

"काय सांगितलं होतंस?"

"माझं थांबवा म्हणून. बाथरूमला गेले तेव्हा. त्या काकांना म्हटलं, मी गेल्यावर आणा, कितीही विचारलं तरी नानायला सांगू नका." ती भराभर बोलत होती, मागच्या मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून. "एक वाजत आला होता. मला दिसत होतं की मला अर्ध्यातून उठावं लागणार. मी जेवायला सुरुवातच केली नाही तर अर्ध्यातून उठले असं होत नाही ना. मग पुन्हा तू दोन वर्षं..." तिने वाक्य सोडून दिलं.

"मी तरी फिरवलं," मी म्हटलं. "माझं."

"फिरवलंस?"

"त्याने परत सरळ केलं. दोनदा."

"मग काहीच झालं नाही," मागची एक जाडगेलीशी मुलगी म्हणाली. "दोनदा गेलं, दोनदा आलं. बरोबरी."

बाकीच्या हसल्या. मी तिथे प्लेट घेऊन उभी होते आणि माझ्या रागाला ठेवायला जागा नव्हती. तासभर मी ज्या माणसाला मनातल्या मनात सोलत होते, त्याने माझ्या पोरीला दिलेला शब्द पाळला होता, मान खाली घालून माझ्या नजरेची धग सोसली होती. भात कच्चाच होता, मासा वाईटच होता, त्यावरचा राग जागेवर होता, पण तो आता फार लहान वाटत होता. मोठा राग दुसराच होता. कुठल्याशा बंदरात आज दुपारी पोट भरून जेवला असेल त्या माणसावर. काउंटरला येऊन मासा घेणाऱ्या बायकांवर. आणि माझ्यावर, की मी हसले होते. सात वर्षांची पोर रिक्षावाल्यांच्या ताटल्या फिरवत होती तेव्हा मी पातेल्यात डाव घालून हसले होते, आणि ती पोर आज सव्वीस वर्षांची होऊन आईला भीती वाटू नये म्हणून उपाशी निघाली होती. तिने पळवाट काढली होती. शहाणी. माझ्यासारखी हिशेबी. आणि आता त्या पळवाटेवर मीच प्लेट घेऊन आडवी उभी राहिले होते. एक घास दिला की जेवण सुरू. सुरू झालं की ती पुन्हा अर्ध्यातून जाणार. नाही दिला तर उपाशी जाणार. पुढे सिग्नल लाल होता. त्याच्या पलीकडे व्हॅन डावीकडे वळणार होती, तिथून मोकळा रस्ता.

मी प्लेटीकडे बघितलं. नऊ घास होते. एवढ्या मोठ्या प्लेटीत नऊच.

"तोंड उघड," मी म्हटलं.

"नानाय, सुरू केलं तर—"

"सुरू केलं तर संपवायचं. वळणाच्या आत. तोंड उघड."

तिने उघडलं. पहिला घास मी जरा मोठाच घेतला. ती चावत होती, डोळे माझ्यावर. "मीठ नाहीये."

"माहितीय. गिळ."

दुसरा. तिसरा. सिग्नल सुटला आणि सगळ्या गाड्या एकदम गुरगुरल्या. "आई, बाजूला व्हा," ड्रायव्हर म्हणाला. मी म्हटलं, "तू चालव ना. पण बैलगाडीसारखी चालव." व्हॅन सरकायला लागली, मी बरोबर चालायला लागले. चौथा. माझी एक चप्पल मागे राहिली, डांबर भाजत होतं. पाचव्याला तिला ठसका लागला, मागच्या जाडीने बाटली पुढे केली आणि मोजायला सुरुवात केली: "पाच." मग सगळ्याच मोजायला लागल्या. सहा म्हणताना व्हॅनने वेग घेतला, मी खिडकीची कड धरली, काटा तिच्या हातात कोंबला आणि नुसती प्लेट वर धरली. "तूच घे. भराभर. बोलू नको." सात. आठ तिने चावलाच नसेल, डोळ्यांतून पाणी आलं. मागच्या गाड्या किंचाळत होत्या. शेवटचा घास काट्यावरून निसटला, तिने बोटांनी पकडला, तोंडात कोंबला, गाल फुगवून माझ्याकडे बघितलं, गिळला, आणि तोंड उघडून दाखवलं, लहानपणी औषध घेतल्यावर दाखवायची तसं. रिकामं. मी कड सोडली. व्हॅन वळली.

चौकातला पोलीस शिट्टी तोंडात धरूनच माझ्याकडे आला. मी रस्त्याच्या मधोमध उभी होते, एका पायात चप्पल.

"काय चाललंय, आई? रस्ता आहे हा."

"मुलगी जेवत होती."

त्याने वळणाकडे बघितलं. तिथे आता दुसऱ्याच गाड्या होत्या. "मग?"

"झालं तिचं," मी म्हटलं.